गुणक्रीचा लाल रिषभ

“मग लाल रंग दिला कुणी, बुवा? कुणीतरी दिला असेलच की.”

मोरेश्वरानं जुनी वही पुढं सरकवली.

तारळेकरबुवा वहीकडं बघेनात. ते खिडकीकडं तोंड करून हातातला पंखा हलवत होते. चैत्र संपत आला होता. मिरजेत त्या दिवसांत अकरा वाजले की माशीसुद्धा भिंतीची सावली सोडत नाही. बुवांच्या कपाळावरचं अष्टगंध घामानं भुवईकडं उतरायला लागलं होतं.

“दिला असेल,” बुवा म्हणाले.

एवढंच...

मी दाराशी बसलो होतो. जागा माझीच. खाली माझं कागद-शाईचं दुकान, वर ही माडी. रिकामी माडी उंदरांना द्यायची की गाण्याला, असा प्रश्न एकदा पडला होता, तेव्हा मी ती गाण्याला दिली. बुवा राहायला आले. उंदीरही गेले नाहीत.

आता शाईची दौत मागायला कुणी येत नाही. बोरू, टाक, टीपकागद हे शब्द उच्चारले तर माझा नातू हसतो. पण मोरेश्वर ठोसरांच्या पुस्तकाची एक प्रत अजून माझ्या फळीवर आहे. तिच्यात पहिल्याच चिजेच्या एका काळ्या अक्षरावर फिकट केशरी डाग आहे. लोक म्हणतात, शेट, प्रत खराब आहे, दुसरी द्या. मी दुसरी देतो. तिच्यातही तो डाग असतो, छापलेलाच. मग ते माझ्याकडं बघतात.

म्हणून हे लिहून ठेवतो.

मी शाळेत गेलो चौथीपर्यंत. पुढचं सगळं रद्दीनं शिकवलं. पुड्या बांधायला रद्दी यायची, ती आधी वाचायची आणि मग फाडायची, असा माझा नेम. त्यामुळं माझं ज्ञान पुडीएवढं, आणि पुष्कळदा शेवटचं पान नसलेलं. गाण्यातलंही तसंच. जे सांगतो ते माडीच्या दारात बसून ऐकलेलं.

मोरेश्वर हायस्कुलात गाणं शिकवायचा. चाळिशीचा, ताठ मानेचा, झब्ब्याची घडी मोडू न देणारा. बुवांकडं बारा वर्षं येत होता. गळा चांगला होता, पण त्याचा खरा जीव लेखणीत.

त्याचं म्हणणं असं की, आपली स्वरलिपी अर्धी मुकी आहे. अक्षराखाली आडवी रेघ मारली की स्वर कोमल. डोक्यावर उभी रेघ दिली की तीव्र. हे सगळं ठीक. पण तो स्वर झुलतो का, घसरत येतो का, शेजाऱ्याला चाटून येतो का, ते कशात लिहायचं?

त्यानं ते रंगात लिहिलं.

झुलणारा स्वर लाल. घसरत येणारा हिरवा. शेजाऱ्याचा नुसता स्पर्श झालेला निळा. आणि सरळ उभा असेल तो काळा.

पहिली लाल दौत न्यायला आला तेव्हा मी विचारलं होतं, मास्तर, पेपर तपासायला का? तो म्हणाला, नाही, गायला. हिरवी शाई तोवर आमच्याकडं हेडमास्तर आणि मामलेदार दोघंच न्यायचे. मोरेश्वर तिसरा. त्याच्या वह्या उघडल्या की पोपटांचा थवा बसल्यासारखं वाटायचं. मला त्या फार आवडायच्या. सांगलीची जाणकार मंडळी मात्र त्याला पाठीमागं ‘रांगोळीमास्तर’ म्हणायची. पाठीमागं म्हणजे त्याला ऐकू जाईल इतक्या पाठीमागं.

आता त्या वह्यांचं पुस्तक व्हायचं होतं. कोल्हापूरचा एक छापखानेवाला रंगीत छापायला तयार झाला होता. कागद माझ्याकडचा. तपासायची मुद्रितं मोरेश्वराच्या हातात होती आणि सोमवारी ती परत पोचवायची होती. आज शनिवार.

अडलं होतं ते पहिल्या पानावर.

बुवा गाणं शिकले चंद्राक्कांकडं. मोठ्या गाणाऱ्या बाई. त्यांची एकही तबकडी निघाली नाही. मागं उरली ती एक वही. बुवांनी बाविसाव्या वर्षी त्यांच्याकडं शिकताना लिहिलेली. सगळी काळ्या शाईत.

त्या सगळ्या वहीत एकच अक्षर लाल.

गुणक्रीच्या चिजेत, अंतऱ्यावरून खाली उतरताना येणारा कोमल रिषभ. लाल, आणि डाव्या बाजूला ओढल्यासारखं एक शेपूट.

गुणक्री हा सकाळचा राग. त्याच्या शेजारी राहतो भैरव. दोघांच्या घरात सामान बरंचसं एकच. पण भैरवाचा रिषभ झुलतो आणि गुणक्रीचा झुलत नाही, असं जाणकार सांगतात. घर ओळखायचं ते यावरून.

मोरेश्वरानं बारा वर्षांपूर्वी ते लाल अक्षर पाहिलं आणि त्याची झोप उडाली. लाल, म्हणजे झुलता. शेपूट डावीकडं, म्हणजे आधीच्या मध्यमाकडून ओढून आणलेला. चंद्राक्कांच्या घरचा रिषभ झुलत होता. आणि स्वर रंगात लिहायची रीत ठोसरानं काढलेली नव्हती, ती अक्कांच्या घरचीच होती. त्याची सगळी पोपटी, निळी लिपी या एका ठिपक्यातून उगवली.

तो तसंच गायचाही. सांगलीत एकदा कुणीतरी म्हणालं, मास्तर, तुमच्या गुणक्रीत भैरव शिरला. हा म्हणाला, शिरला नाही, चंद्राक्कांनी बसवलाय, माझ्याकडं कागद आहे. तिथं सगळे गप्प झाले. कागदापुढं माणसं गप्प होतात, हे मी कागदवाला म्हणून सांगू शकतो.

पुस्तकाच्या सुरुवातीला त्या पानाचं चित्र. पुढं त्या एका अक्षरावर सहा पानांची प्रस्तावना. आणि खाली बुवांच्या हातचे चारच शब्द हवे होते: हे चंद्राक्कांचं गाणं आहे.

ते चार शब्द मिळाले की रांगोळीमास्तर हे नाव पुसलं जाणार होतं.

तीन महिने बुवा टाळत होते. एकदा डोळे दुखत होते. एकदा टाक नीट नव्हता, तर मी खालून चार टाक आणून दिले. एकदा अमावास्या निघाली.

आज मोरेश्वर हलणार नव्हता.

“गा,” बुवा म्हणाले.

“आत्ता?”

“मग काय सोमवारी?”

मोरेश्वरानं तंबोरा घेतला. चीज म्हटली. अंतऱ्यावर गेला, खाली आला, आणि मध्यमावरून त्या रिषभावर असा काही झुलत उतरला की माझी मान आपोआप हलली. मला ती जागा आवडायची. आजही खोटं कशाला बोलू.

बुवांचा पंखा चालू होता.

“तिथं झुलायला तुला कुणी सांगितलं?”

“पानानं.”

“पान बोललं?”

“लाल आहे ना ते, बुवा. आणि शेपूट बघा की, डावीकडं...”

बुवांनी वही मांडीवर घेतली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. रंग आता सगळे चहासारखेच दिसतात, असं ते म्हणायचे. तरी त्यांनी पानं चाळली नाहीत. वही नेमकी तिथंच उघडली. अंगठा फिरला आणि त्या अक्षरावर जाऊन थांबला, अंधारात पाण्याचा माठ सापडावा तसा.

मग ते माझ्याकडं वळले.

“मगदूमशेट, कधी कुंकू विकलंत?”

मी म्हटलं, दुकान नवं होतं तेव्हा विकायचो, दसऱ्याच्या बाजारात.

“घामानं उतरतं का हो?”

मी गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगून टाकलं. मेणावर लावलं तर टिकतं. नुसतं लावलं तर उन्हाळ्यात नाकावर येतं. हळदीचं अस्सल असेल तर जास्तच.

“अस्सलच लावायच्या,” बुवा म्हणाले.

मोरेश्वराचा हात तंबोऱ्यावर तसाच राहिला. मला अजून कळलं नव्हतं. त्याला कळायला लागलं होतं.

मग बुवांनी सांगितलं. हळू, मधे थांबत, खिडकीकडं बघत. ते बोलत होते आणि माडीत कुणीतरी चौथं माणूस येऊन बसल्यासारखं झालं होतं.

चंद्राक्कांना अक्षरओळख नव्हती. त्यांचं सगळं गाणं तोंडी आलेलं, तोंडी द्यायचं. बुवा शिकवणीहून घरी गेले की आठवून आठवून लिहायचे. एकदा वही पिशवीतून घसरली आणि ते सापडले. अक्कांनी ते ओळीत टांगलेले स्वर पाहिले आणि म्हणाल्या, काय रे यशवंता, माझं गाणं दोरीवर वाळत घालतोस होय? महिनाभर वहीला घरात बंदी होती. पिशवी बाहेर ठेवूनच आत जायचं.

मग वैशाखातल्या एका दुपारी त्या आपणहून म्हणाल्या, आण ती वही, बघू मी कशी दिसते.

बुवांनी वही त्यांच्यापुढं ठेवली. अक्का खूप वेळ बघत राहिल्या. तुझ्यापुढं मी जेवढी गायले तेवढी सगळी या वीतभर कागदात मावली का, असं विचारलं. बुवा हो म्हणाले. तर हसल्या आणि म्हणाल्या, मग मी जाडी कशी रे?

बुवा हे सांगताना स्वतःच हसले. मग थांबले.

“मग म्हणाल्या... यातला माझा रिषभ कुठला? बोट ठेव बघू.”

बुवांनी त्या रिषभावर बोट ठेवलं. अक्का तो बघायला वाकल्या. वाकून वाकून इतक्या जवळ आल्या की त्यांच्या हातातला पंखा हलायचा थांबला. आयुष्यभर ज्याच्यासाठी घसा झिजवला त्याचं तोंड पहिल्यांदा बघत होत्या. कपाळावरचं कुंकू घामानं भिजलेलं.

थेंब पडला. अर्धा बुवांच्या बोटावर, अर्धा अक्षरावर.

अक्का ओशाळल्या. उगीच घाण केली बाई तुझी वही, म्हणत त्यांनी पदराचं टोक घेतलं आणि पुसायला गेल्या. बुवांनी त्यांचा हात धरला, पण तोवर एकदा फिरला होता.

डावीकडं.

“पुढच्या महिन्यात कोल्हापूरला बहिणीकडं गेल्या,” बुवा म्हणाले. “तिकडंच राहिल्या... कायमच्या.”

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मोरेश्वरानं तंबोरा गवसणीवर आडवा ठेवला. फार सावकाश ठेवला.

“आणि त्यांचा रिषभ?”

“सरळ.”

“अगदीच?”

“खुंटीसारखा. तंबोरा टांगावा त्याला.”

मोरेश्वराचं तोंड उतरलं. ताठ मानेची माणसं वाकत नाहीत, ती एकदम बसतात. त्याची प्रस्तावनेची सहा पानं तिथं पंख्याच्या वाऱ्यानं हलत होती. तो त्यांच्याकडं बघत होता.

“बारा वर्षं मी तुमच्यासमोर तो झुलवतोय,” तो म्हणाला. “एकदा तरी सांगायचं होतं, बुवा.”

“सांगणार होतो.”

“मग?”

बुवांनी अंगठा अजून उचलला नव्हता.

“पन्नास वर्षांत या डागाकडं माझ्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं, मोरू. तू पाहिलंस. म्हटलं, बघू दे आणखी थोडं.”

मोरेश्वरानं गवसणीची नाडी बोटाला गुंडाळली.

मला गप्प बसवेना. व्यापाऱ्याची जीभ, शांतता झाली की ती माल काढून दाखवायला लागते. मी म्हटलं, मास्तर, हे आपण तिघांनीच ऐकलंय. वही बुवांची, ते काही बोलायचे नाहीत. मी तर कागदवाला. छापा तसंच. माझ्या मामाचं मिरचीचं दुकान होतं. ब्याडगी मिरची रंगाला लालभडक, तिखटाला बेताची. मामा गिऱ्हाइकाला हे कधी सांगायचा नाही. गिऱ्हाईक जेवताना नाक पुसत म्हणायचं, काय जहाल मिरची आहे हो तुमची. नुसत्या रंगानं माणसाच्या नाकाला पाणी येतं. तुमच्या रिषभानं सांगलीकरांच्या आलं, काय बिघडलं?

बुवा खळखळून हसले. डोळे पुसले.

मोरेश्वर हसला नाही. पण रागावलाही नाही. माझ्याकडं बघून म्हणाला, “शेट, मामा मिरची दुसऱ्याच्या नावावर विकत नव्हता.”

खरं होतं. मामा स्वतःच्या नावावर विकायचा.

मोरेश्वरानं ती सहा पानं उचलली. वाचली नाहीत. मधोमध दुमडली आणि मांडीखाली सारली. मग पहिल्या चिजेचं मुद्रित पुढं घेतलं. छापखान्यातनं आलेलं, सगळ्या रंगांचं. खिशातली पेन्सिल काढून थुंकीनं टोक ओलं केलं आणि लाल रिषभ काळा गिरवायला लागला. शाळेतली मुलं पाटीवर गिरवतात तसा, दाबून, पुन्हा पुन्हा. लाल कुठूनही डोकावू नये म्हणून.

“सांगलीकर म्हणतील, ठोसरांचा पुरावा घामाचा निघाला.”

हे त्यानं आपल्याशीच म्हटलं. थोड्या वेळानं, “म्हणू देत.”

बुवा ऐकत होते. पेन्सिलीचा कागदावरचा आवाज ऐकत असावेत.

मोरेश्वरानं तंबोरा पुन्हा घेतला. कुणी सांगितलं नव्हतं. अंतऱ्यावरून खाली आला आणि रिषभ झुलला. बारा वर्षांची सवय, ती काय पेन्सिलीनं जाते? तो थांबला. पुन्हा वरून आला. या वेळी कमी झुलला, पण झुललाच. पुन्हा थांबला. पाण्याचा पेला समोर होता, त्याला हात लावला नाही.

तिसऱ्यांदा रिषभ आला तो सरळ आला.

हे मला नीट सांगता यायचं नाही. कागदाच्या रिमाच्या चारी बाजू ठोकून ठोकून सारख्या केल्या की शेवटी एक आवाज येतो. मोठा नसतो. पण तो आला की हाताला कळतं, आता एकही पान बाहेर नाही. तसं काहीतरी माडीत झालं. मोरेश्वरालाही ते कळलं असणार, कारण तो तिथंच राहिला. पुढं गेला नाही, मागं आला नाही. श्वास होता तोवर त्या रिषभावर उभा राहिला. मग तंबोरा एकटाच बोलत राहिला.

बुवांच्या हातातला पंखा थांबला होता.

बुवांनी जुनी वही मिटून बाजूला ठेवली. चाचपत मोरेश्वराचं मुद्रित जवळ ओढलं. त्या कागदावर हिरवं होतं, निळं होतं, त्यांना काही दिसत नव्हतं. ते त्यावर वाकले. आणखी वाकले. अष्टगंध भुवईच्या कडेला येऊन थांबलं होतं, त्याचा थेंब धरला होता, जड, केशरी.

माझ्या खिशात शाई टिपायचा टीपकागद कायम असायचा. धंद्याची सवय. हात आपोआप खिशात गेला आणि टीपकागद घेऊन अर्ध्यापर्यंत पुढं आला. मोरेश्वरानं माझ्याकडं पाहिलं.

मी हात मागं घेतला.

“यातला अक्कांचा रिषभ कुठला, मोरू?” बुवा म्हणाले. “बोट ठेव बघू.”